शपथ देणाऱ्याने घ्यायची नसते

१ जुलै, मंगळवार. सकाळी ६:४०

नवी वही. मी सोडून ही कोणी वाचणार नाही, त्यामुळे सगळं खरं लिहायचं ठरवलंय. पासवर्डही यातच लिहीन. कागद हॅक होत नाही.

काल केंद्राच्या मीटिंगमध्ये जाहीर झालं. यंदा शिक्षकदिनाला ‘तंत्रस्नेही शिक्षक’ पुरस्कार. विषय: प्राथमिक शाळेत संगणक आणि सायबर सुरक्षा. नामांकन ज्याने त्याने स्वतः पोर्टलवर भरायचं. शेवटची तारीख १० ऑगस्ट, संध्याकाळी पाच.

पुरस्कार मला मिळणार. हा गर्व नाही, वस्तुस्थिती आहे. केंद्रातले बाकीचे शिक्षक प्रिंटर दिसला की वाट बदलतात. स्पर्धक म्हणाल तर एकच, शेजारच्या गावचा मयुरेश. वय एकतीस. त्याच्याकडे ड्रोन आहे. ड्रोन उडवणं म्हणजे शिकवणं नव्हे.

रिटायर व्हायला दोन वर्षं राहिली. चौतीस वर्षांच्या नोकरीत मी स्टेजवर शंभर वेळा तरी गेलो असेन. प्रत्येक वेळी तबक धरून. पाहुणे शाल उचलतात, श्रीफळ उचलतात, तबक हलकं होतं आणि मी मागे सरकतो. ती शाल एकदा तरी माझ्या खांद्यावर पडावी असं मला वाटतं. फार वाटतं. हे घरी, बायकोला, लतिकालासुद्धा बोललेलो नाही.

३ जुलै, गुरुवार

संगणक कक्षाची पाहणी. निफाडच्या अलीकडची आमची एवढीशी शाळा, पण संगणक सहा. कुठल्याशा कंपनीने दान दिलेले. पैकी चालू एक. तो सुरू केला की १ जानेवारी २००९ ही तारीख दाखवतो. एकावर मतदार याद्यांचे गठ्ठे. एकाच्या पोटात चिमणीचं घरटं, पिल्लं आहेत, सबब दुरुस्ती नाही. मुलांना चपला बाहेर काढायला लावल्या. कक्षाला एकदम वजन आलं.

मुलं एकेचाळीस, संगणक एक. मी मार्ग काढला. लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यांचे कीबोर्ड कापले, प्रत्येकाला एक. लखनने (तिसरी) पाच मिनिटं मन लावून टायपिंग केलं आणि विचारलं, गुरुजी, म्या लिवलेलं जातं कुठं? क्लाऊडमध्ये, म्हणालो. सगळा वर्ग उठून खिडकीशी गेला. कुतूहल जागं झालंय.

७ जुलै, सोमवार

परिपत्रकात पासवर्डला ‘परवलीचा शब्द’ म्हटलंय. मीही तेच म्हणणार. मधल्या सुट्टीपर्यंत सगळी शाळा ‘हरवलीचा शब्द’ म्हणू लागली. तीनदा दुरुस्त केलं. योगिनी म्हणाली, पण गुरुजी, हरवतोच की तो. ही योगिनी चौथीत आहे. घरची द्राक्षबाग, घरात फोन तीन. हिच्यावर लक्ष ठेवायला हवं.

९ जुलै, बुधवार

चालू संगणकाचा परवलीचा शब्द आठवेना. तो या वहीत लिहायचा राहिला होता. मुलांसमोर वीस मिनिटं गेली. योगिनीने विचारलं, मी बघू का? दुसऱ्या प्रयत्नात उघडला. माझं नाव आणि पुढे एक दोन तीन. म्हणाली, मोठ्या माणसांचं असंच ऱ्हातं गुरुजी, माझ्या पप्पांचं पण कारभारी एक दोन तीन हाय.

‘कमकुवत पासवर्ड कसा नसावा’ याचं प्रात्यक्षिक मी मुद्दामच ठेवलं होतं, असं वर्गाला सांगितलं. आता आठवतंय, बहुधा मुद्दामच ठेवलं होतं.

१२ जुलै, शनिवार. दुपारी, घरी

हल्ली भामटे आवाजाची नक्कल करतात. चेहऱ्याचीही करतात. म्हणून प्रत्येक घराने आपसात एक परवलीचा शब्द ठरवून ठेवावा, असं पालकांच्या ग्रुपवर टाकलं. सुरुवात स्वतःपासून. लतिका स्वयंपाकघरात कोथिंबीरवडी थापत होती. तोच शब्द ठरवला. आपल्यापैकी कोणी अडचणीत असल्याचा फोन आला तर आधी शब्द विचारायचा, शब्द नाही तर फोन बंद. लतिका म्हणाली, मला राहील लक्षात, तुमचं बघा. मी नुसता हसलो. कोथिंबीरवडी कोण विसरेल?

थोरले बंधू रामकुंडावर पूजा सांगतात. त्यांनी आता ताम्हनाशेजारी क्यूआर कोड ठेवलाय. त्यांनाही सावध करणार होतो, पण यजमान बसले होते.

१४ जुलै, सोमवार

धडा: अनोळखी माणसाला वैयक्तिक माहिती देऊ नये. नाव, गाव, इयत्ता, शाळा, काही नाही. समोरचा कितीही चांगले कपडे घालून आला तरी. मुलांनी फार छान समजून घेतलं.

१८ जुलै, शुक्रवार

केंद्रप्रमुख साहेब अचानक तपासणीला आले. बदलून आलेत, मुलांनी पाहिलेले नव्हते. मी त्या वेळी चिमणीच्या पिल्लांचा फोटो काढत होतो. साहेब सरळ चौथीत गेले आणि पहिल्या बाकावर विचारलं, बाळ नाव काय तुझं? बाळ म्हणालं, वैयक्तिक माहिती हाय. कितवीत आहेस? गप्प. शिकवतं कोण? योगिनी उठून म्हणाली, तुमी कोन ते आधी सांगा, कार्ड दाखवा. साहेबांचं कार्ड गाडीत राहिलं होतं. ते आणायला वळले तर लखनने दाराला बाहेरून कडी घातलेली.

साहेब अकरा मिनिटं आत होते.

मुख्याध्यापिका सुवर्णा मॅडम माझ्याशी दिवसभर बोलल्या नाहीत. त्यांच्याकडून लेखी खुलासा मागवलाय. मी मात्र समाधानी आहे. शिकवलेलं मुलांत उतरलंय याचा याहून पुरावा काय हवा? नामांकनात ‘तपासणी: उल्लेखनीय’ असं लिहीन.

२१ जुलै, सोमवार

सायबर प्रतिज्ञा तयार. एका बैठकीत लिहिली. रोज परिपाठाला, देशाच्या प्रतिज्ञेनंतर लगेच, हात पुढे करून:

माझा फोन ही माझी जबाबदारी आहे. माझ्या फोनवर आलेला ओटीपी मी आईला, वडिलांना, गुरुजींना, बँकेच्या साहेबांना आणि कोणत्याही गोड बोलणाऱ्या माणसाला सांगणार नाही.

‘गुरुजींना’ हा शब्द चालीसाठी घातला. त्याशिवाय म्हणताना अडखळायला होत होतं.

२३ जुलै, बुधवार

लखनचं म्हणणं, रोज म्हणतो ती काय खरी शपथ नसती, खरी शपथ देवाची. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मुद्दा विचारात घेण्यासारखा होता. शेवटी ‘वणीच्या देवीची शपथ’ एवढं जोडलं. मॅडमनी विचारलं, परिपत्रकात बसतं का? म्हणालो, स्थानिक संदर्भ. आज प्रतिज्ञा अशी दणक्यात झाली की रस्त्यावरचा ट्रॅक्टर थांबला.

योगिनीने विचारलं, गुरुजी, तुमी हात पुढं नाय केला. तिला सांगितलं, शपथ देणाऱ्याने घ्यायची नसते.

२४ जुलै, गुरुवार

एक सुखद दृश्य. आमच्या भागीबाई, म्हणजे शाळेची खिचडी रांधतात त्या, शेडच्या दारात उभ्या राहून प्रतिज्ञा म्हणत होत्या. डोक्यावर पदर, पुढे केलेल्या हातात डाव तसाच. डोळे मिटलेले. मी साक्षरता वर्गात शिकवलं होतं त्यांना. तांदूळ निवडता निवडता माझे सगळे धडे ऐकतात म्हणे. ग्रामस्थांपर्यंत पोचलो. नामांकनात घालायचं.

३० जुलै, बुधवार

फेसबुकवर पोस्ट टाकली: ‘तंत्रस्नेही पुरस्काराच्या वाटेवर. शुभेच्छांसाठी संपर्क’, खाली माझा नंबर. सगळ्यांना दिसेल अशी ठेवली. एक्याऐंशी लाइक. लतिका म्हणाली, नंबर कशाला टाकला? तिला म्हणालो, पोस्टमध्ये ओटीपी कुठे आहे?

शाल कुठल्या रंगाची असते याची चौकशी केली. विटकरी. त्यावर जाईल असा कुर्ता शालिमारच्या बाजारात बघून ठेवला. घेतला नाही. घेतला.

१ ऑगस्ट, शुक्रवार

नामांकन भरायला बसलो. साडेतीन तासांत बावीस रकाने. शेवटी ‘सबमिट’ दाबलं. पोर्टल म्हणालं, शाळेच्या नोंदणीकृत मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे, शेवटचे आकडे ४७, मुदत दहा मिनिटं.

४७ कोणाचे? माझे नाहीत. मॅडमचे नाहीत. मॅडम बराच वेळ छताकडे बघत होत्या. मग आठवलं. गेल्या वर्षी शाळेची नोंदणी करताना, पोर्टलवाले सारखे फोन करतात म्हणून त्यांनी भागीबाईंचा नंबर टाकून दिला होता.

फारच सोपं निघालं. भागीबाई तर घरच्याच. त्या बाजाराला गेल्या होत्या. सोमवारी बघू.

४ ऑगस्ट, सोमवार

सबमिट दाबून धावत खिचडीच्या शेडमध्ये गेलो. भागीबाई, तुमच्या फोनवर आत्ता एक नंबर आला असेल, तेवढा वाचून दाखवा. भागीबाईंनी फोन बघितला, प्लास्टिकच्या पिशवीत घातला, पिशवी कनवटीला खोचली आणि म्हणाल्या, नाय गुरुजी.

हसलो. समजावलं, तो नियम बाहेरच्यांसाठी आहे. त्यांनी मला संपूर्ण प्रतिज्ञा म्हणून दाखवली. ‘गुरुजींना’ या शब्दाशी थांबून माझ्याकडे बघितलं, मग पुढे गेल्या. देवीची आण हाय, म्हणाल्या. दहा मिनिटं संपली. खिचडी वाढायला घेतली.

उद्या मिळेल.

५ ऑगस्ट, मंगळवार

पोर्टलवर नंबर बदलायची सोय आहे. नंबर बदलण्यासाठी जुन्या नंबरवर ओटीपी जातो.

मॅडमकडून लेखी आदेश काढून घेतला: ‘सदर ओटीपी श्री. दिवाकर गायधनी यांना तोंडी कळविण्यात यावा.’ जावक क्रमांक, सही, शिक्का. भागीबाईंनी एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचला. शिक्का शाळेचा हाय, म्हणाल्या, देवीचा नाय. आणि घडी करून परत दिला.

यांना वाचायला मी शिकवलं.

६ ऑगस्ट, बुधवार

लहानपणी आम्ही शपथ घातली की ‘सुटली म्हण’ म्हणायचो. शपथ घालणाऱ्याने ‘सुटली’ म्हटलं की ती सुटते. शपथ तर मीच घातलीय! परिपाठाला सगळ्यांसमोर उभं राहून भागीबाईंकडे तोंड करून तीनदा म्हणालो, सुटली, सुटली, सुटली.

भागीबाईंनी निवाड्यासाठी मुलांकडे बघितलं. मुलांनी आपसात चर्चा केली. लखनने निकाल सांगितला, गळ्याची शपथ अशी सुटती, देवीची नाय. देवीची गडावर जाऊन सोडवायची, नारळ फोडून. भागीबाई म्हणाल्या, आसंच हाय ते गुरुजी. माझ्या सासूची अशीच सोडवली होती.

मयुरेशचा मेसेज आला. सर, तुमचं भरलं का? माझं आत्ताच झालं, दोन मिनिटं लागली.

७ ऑगस्ट, गुरुवार. दुपारी १:२०

नाइलाजाने थोडी युक्ती. योजना अशी: सबमिट दाबायचं, शाळेमागे जायचं, भागीबाईंना फोन लावायचा आणि आवाज बदलून ‘पोर्टल ऑफिसातून बोलतोय’ म्हणायचं. माझा नंबर त्यांच्याकडे साठवलेला नाही. हेतू शुद्ध असल्यामुळे याला फसवणूक म्हणता येणार नाही.

संध्याकाळी ५:००

हिंदीत बोललो. चांगलं चाललं होतं. मध्येच खोकला आला. भागीबाईंनी फोनवर अशा काही शिव्या दिल्या की त्यातल्या दोन मला नव्या होत्या. मग त्यांनी सरपंचांना कळवलं. मारुतीच्या देवळाच्या भोंग्यावरून गावाला सूचना झाली: ओटीपी मागणारा एक इसम फोन करत आहे, तो गायधनी गुरुजींसारखा खोकतो, सावध राहावे.

परतीच्या बसमध्ये कंडक्टरपर्यंत बातमी पोचलेली. स्टँड येईपर्यंत खोकला दाबून धरला.

८ ऑगस्ट, शुक्रवार

दोन दिवस राहिले. मॅडम म्हणाल्या, जाऊ द्या ना सर. त्यांना कसं सांगू? चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या शाली धरल्यात मी. एकीची घडीसुद्धा मोडली नाही.

ठरलं. रविवारी भागीबाईंना घेऊन वणीच्या गडावर. नारळ फोडायचा, शपथ सोडवायची, तिथेच फोनवरून सबमिट दाबायचं, त्यांनी तिथेच ओटीपी सांगायचा. दुपारी दोनपर्यंत काम फत्ते. भागीबाई आनंदाने तयार झाल्या. दर्शनाला जायचं त्यांचं राहूनच गेलं होतं म्हणे.

१० ऑगस्ट, रविवार. सकाळी ५:५०

अंघोळ झाली. नवा कुर्ता घालतोय. फोन चार्ज ६१ टक्के, पुरे. वही घरी ठेवतो, गर्दीत हरवायला नको, सगळे पासवर्ड आहेत. आज संध्याकाळी इथे फक्त एक शब्द लिहायचा आहे: झालं.

११ ऑगस्ट, सोमवार. दुपारी. रजा टाकली

काल लिहिता आलं नाही. क्रमाने लिहितो.

पिंपळगावला भागीबाई भेटल्या. वणीमार्गे नांदुरीला, गडाच्या पायथ्याशी पोचलो. गडाच्या गाडीची वाट बघत उभे होतो, तेवढ्यात माझा फोन वाजला. एका बाईंचा आवाज, अतिशय नम्र. गायधनी सरच ना? अभिनंदन सर, निवड समितीतून बोलतेय, आम्ही तुमची पोस्ट बघितली. मी एकदम सावधान स्थितीत उभा राहिलो. त्या म्हणाल्या, तुमचं नामांकन अडकलेलं दिसतंय. मी म्हणालो, अडकलंय हो. त्या म्हणाल्या, तुमच्यासारख्यांचं आम्ही इथूनच मंजूर करतो, फक्त तुमच्या फोनवर आता एक सहा आकडी नंबर येईल तो सांगा.

आला. सांगितला. दोनदा सांगितला, दुसऱ्यांदा सावकाश. त्या म्हणाल्या, झालं सर. आता तुम्ही पोर्टलवर जाऊ नका, नाहीतर डबल होईल. चौतीस वर्षांत माझ्याशी इतक्या आदराने कोणी बोललं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं. भागीबाईंनी विचारलं, कोनाचा फोन? म्हणालो, वरून आला होता.

गडावर पायऱ्या चढलो. भागीबाईंनी नारळ फोडला, देवीला सगळं समजावून सांगितलं, अगदी जावक क्रमांकापासून. मग पदर खोचून माझ्याकडे वळल्या. सुटली गुरुजी, आता इचारा काय इचारायचं ते. घड्याळात दीड वाजला होता. पाचला साडेतीन तास होते.

मी हात जोडून म्हणालो, भागीबाई, आता गरज नाही. माझं काम परस्पर झालंय.

मग आता शपथ मोकळी कशाला ठिवायची, म्हणाल्या. दुसरा नारळ घेतला, फोडला आणि शपथ पुन्हा घेतली. या वेळी देवीच्या अगदी समोर.

उतरताना बघितलं तर माझं व्हॉट्सअ‍ॅप आपोआप बंद झालेलं. अपडेट होत असेल असं वाटलं. नंतर फोनवर फोन येऊ लागले, कोण काय बोलतंय ते घाटात कळेना, आणि चार्जिंग संपलं. वणीच्या स्टँडवर गाडीला उशीर होता. लतिका काळजी करेल म्हणून भागीबाईंच्या फोनवरून घरी फोन लावला. त्यांनी नंबर स्वतःच दाबला, फोन माझ्या हातात दिला नाही, कानाला धरून उभ्या राहिल्या.

लतिका, मी बोलतोय. लतिका म्हणाली, शब्द सांगा. म्हणालो, अगं मी. ती म्हणाली, तासाभरापूर्वी यांच्याच नावाने मेसेज आलाय, मी अडचणीत आहे, तुझ्या फोनवर आलेला नंबर पाठव म्हणून. शब्द सांगा.

शब्द आठवेना. वडी आहे एवढं नक्की आठवत होतं. म्हणालो, अळूवडी? तिने फोन ठेवला. पुन्हा लावला. सुरळीची वडी? तिने ठेवला. तिसऱ्यांदा, नारळाची? नंबर ब्लॉक झाला. भागीबाई म्हणाल्या, लय हुशार हाय बाई.

नाशिकला घरी पोचलो तेव्हा दिवे लागून गेले होते. लतिकाने दार उघडलं, पण साखळी लावूनच. फटीतून बघत म्हणाली, चेहरासुद्धा खोटा करता येतो, आमच्या ह्यांनीच सांगितलंय. नवा कुर्ताही तिने पाहिलेला नव्हता, त्याने आणखी संशय वाढला. वही आत, कपाटावर. मी पायरीवर बसलो. दिवसभराचा दमलेला, गडावरचा वारा लागलेला. खोकला आला.

खोकलो तसं दार उघडलं.

१२ ऑगस्ट, मंगळवार

पोर्टल उघडून बघितलं. नामांकन: अपूर्ण. मुदत संपली. समितीच्या त्या नम्र बाईंना फोन लावला. असा नंबरच अस्तित्वात नाही.

सगळं नीट कळायला मला दुपार लागली. तो सहा आकडी नंबर माझ्या व्हॉट्सअ‍ॅपचा होता. लतिकाला गेला तोच मेसेज माझ्या नावाने पालकांच्या ग्रुपवरही गेला होता, एकशे बारा जणांना (पालकांबरोबर निम्मं गाव त्यात आहे). मॅडमनी ग्रुप दाखवला. वरपासून खालपर्यंत उत्तरं: नाय सांगणार. देवीची शपथ हाय. आधी शब्द सांगा. योगिनीने आईच्या फोनवरून लिहिलं होतं, तुम्ही आमचे गुरुजी असाल तर विचारणारच नाही आणि विचारत असाल तर आमचे गुरुजी नाही.

भागीबाईंना तर त्या बाईंच्या टोळीतल्या एका भामट्याने माझ्या नावाने थेट फोन केला. परतीच्या गाडीत मला डुलकी लागली होती तेव्हा. त्यांनी त्याला आधी खोकायला सांगितलं म्हणे. तो खोकला. खोटं खोकतो म्हणून फोन ठेवला.

एकशे बारांपैकी एकही फसला नाही. फसला तो एकच, शिकवणारा. मला वाईट वाटलं. नामांकनासाठीही वाटलं, पण त्याहून त्या बाई इतक्या आदराने बोलल्या त्याचं जास्त वाटलं.

१३ ऑगस्ट, बुधवार

आज परिपाठात मी मुलांच्या रांगेत उभा राहिलो आणि हात पुढे केला. शपथ योगिनीने दिली. माझा हात नीट सरळ नव्हता, तिने येऊन सरळ केला. भागीबाईंनी शेडमधून बघून मान हलवली. याकडे ‘विद्यार्थिकेंद्री अध्यापन’ म्हणून पाहता येईल.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

केंद्रातून पाकीट आलं. अख्ख्या गावात कोणी फसलं नाही ही बातमी वर पोचलीय. ‘तंत्रस्नेही शिक्षक’: मयुरेश. आणि यंदा एक खास सन्मान, ‘सायबर सजग नागरिक’: श्रीमती भागीबाई. शाळेची शिफारस केंद्रप्रमुखांनी स्वतः केली, त्यांना ती अकरा मिनिटं आठवत होती म्हणे.

पाकिटात आणखी एक कागद होता. माझ्या नावाचा. मी तो उघडायला संगणक कक्षात गेलो. चिमणीची पिल्लं उडून गेलीत. बसलो, उघडला. ‘कार्यक्रमाच्या नियोजनासाठी खालील शिक्षकांची नियुक्ती करण्यात येत आहे.’ माझ्या नावापुढे लिहिलं होतं: तबक.

५ सप्टेंबर, शुक्रवार

कार्यक्रम झाला. विटकरी कुर्ता घातला होता. शाली या वर्षी हिरव्या होत्या.

मयुरेशच्या वेळी तबक धरलं. मग भागीबाईंचं नाव पुकारलं. त्या स्टेजवर चप्पल काढून आल्या. पाहुण्यांनी तबकातून शाल उचलली, त्यांच्या खांद्यावर घातली. पाहुणे गमतीने म्हणाले, आम्हाला तरी सांगा, तो ओटीपी काय होता? भागीबाई म्हणाल्या, नाय. सभागृह हसलं. त्यांना माइक दिला. त्यांनी माझ्याकडे हात केला आणि म्हणाल्या, मला ह्या गुरुजींनी शिकवलं. त्यांनी सोता इचारलं तरी म्या सांगितलं नाय.

टाळ्या फार वेळ चालल्या. त्यातल्या काही माझ्यासाठी असणार. मी टाळ्या वाजवू शकलो नाही, हातात तबक होतं. श्रीफळ उचललं गेलं, तबक हलकं झालं, आणि मी मागे सरकलो.

६ सप्टेंबर, शनिवार. सकाळी ७:३०

पेपरात फोटो आलाय. आतल्या पानावर, तीन कॉलम. मध्ये भागीबाई, शेजारी पाहुणे. डाव्या कडेला फोटो कापलाय. तिथे एक तबक दिसतं आणि ते धरणारा हात. मी फोटोत कोपरापर्यंत आहे.

खाली सगळ्यांची नावं आहेत. हाताचं नाव नाही.

पेपर घडी करून ठेवत होतो. लतिकाने मागून येऊन बघितलं, चष्मा लावून पुन्हा बघितलं आणि म्हणाली, हा हात तुमचा आहे.

शब्द विचारला नाही.